स्वयंअध्ययन: लंबकाने 'ग' ९.०८ आला. आधी गणित की आधी प्रयोग?

उंबरठा:
नमस्कार मंडळी. बारावीनंतर सुटलेलं भौतिकशास्त्र कुणी शिक्षकाविना पुन्हा शिकायला घेतलं तर क्रम काय धरावा, हा मूळ प्रश्न. एक मत असं की कॅल्क्युलस पक्कं झाल्याशिवाय भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडूच नये. दुसरं मत असं की हाताने काहीतरी मोजावं आणि लागेल तसं गणित शिकावं. दुसऱ्या मतानुसार केलेला पहिला प्रयोग खाली देतोय, कारण तो फसलाय.

साधा लंबक. पितळी कुलूप, शिवणाचा दोरा, भिंतीत खिळा. खिळ्यापासून कुलपाच्या कडीपर्यंत दोरा ८० सेंमी. साधारण ३० अंशांवरून सोडलं. २० दोलनांची वेळ तीनदा घेतली: ३७.२, ३७.३, ३७.४ सेकंद. म्हणजे दोलनकाल ट = १.८६५. सूत्र: ग = ४ पाय² × ल ÷ ट² (ग म्हणजे गुरुत्वत्वरण, ल म्हणजे मीटरमधली लांबी, पाय म्हणजे π). उत्तर ३९.४८ × ०.८० ÷ ३.४७८ = ९.०८. हवं होतं ९.८ च्या आसपास. तिन्ही वेळा मोजमाप जवळपास सारखंच, मग सात टक्के गेले कुठे?

अवखळ:
'४ पाय' वाचून आधी टेबल डोळ्यांसमोर आलं. त्याचा वर्ग म्हणजे बहुतेक डायनिंग टेबल.

मोजपट्टी:
नेहमीची चूक. कुलूप सोडताना 'एक' म्हणता की 'शून्य'? 'एक' म्हणून घड्याळ सुरू केलं तर 'वीस' म्हणेपर्यंत १९ च दोलनं होतात. तपासा.

ओळंबा:
@मोजपट्टी, चूक नेहमीची खरी, पण इथे ती बसत नाही. १९ दोलनांना २० ने भागलं तर ट खरा असतो त्याहून कमी येईल आणि ग वाढेल. २०/१९ चा वर्ग १.१०८, म्हणजे ग जवळजवळ ११ टक्के जास्त यायला हवा होता. इथे तो कमी आलाय. कारण शोधण्याआधी चुकीची दिशा बघायची, अर्धे संशयित तिथेच सुटतात.

ग कमी येण्याचे रस्ते दोनच: ल कमी धरली गेली किंवा ट जास्त आला. इथे दोन्ही झालंय असं दिसतं. लांबी कडीपर्यंत मोजलीत, पण लंबकाची लांबी गोळ्याच्या गुरुत्वमध्यापर्यंत धरायची असते. कुलपाची उंची किती? ७ सेंमी असेल तर साधारण ३.५ त्यात मिळवा. ल = ०.८३५ घेतल्यावर त्याच वेळेतून ग = ९.४८ निघतो. निम्म्याहून जास्त चूक इथेच भरून आली.

उंबरठा:
कडीसकट बरोबर ७ सेंमी. रुंदी ४. पण उरलेले तीन टक्के?

स्पर्शज्या:
उरलेले तीन टक्के ३० अंशांत आहेत. ट = २ पाय √(ल/ग) हे सूत्र कोन लहान असेल तरच चालतं. ते काढताना साइन(कोन) च्या जागी नुसता कोन टाकलेला असतो, रेडियनमध्ये. ३० अंशांना कोन ०.५२३६ रेडियन आणि साइन ०.५. सूत्र धरतं त्यापेक्षा खरं परत खेचणारं बल थोडं कमी, म्हणून लंबक थोडा रेंगाळतो आणि ट वाढतो.

किती वाढतो? पहिल्या अंदाजाला ट ला (१ + कोन²/१६) ने गुणायचं. ०.२७४ ÷ १६ = ०.०१७, म्हणजे १.७ टक्के. ग मध्ये ट चा वर्ग असल्यामुळे तिथे साडेतीन टक्के. तुमचा १.८६५ हा अचूक गुणकाने, १.०१७४ ने (तो कसा निघतो ते खाली) भागा, १.८३३ येईल, आणि ल = ०.८३५ धरून ग = ९.८१.

अचूक गुणक हवा असेल तर गाउसची युक्ती साध्या कॅल्क्युलेटरवर चालते. १ आणि कोसाइन(कोनाचा अर्धा) हे दोन आकडे घ्या: १ आणि ०.९६५९२६. त्यांची सरासरी ०.९८२९६३, गुणाकाराचं वर्गमूळ ०.९८२८१५. आता या दोघांची पुन्हा सरासरी: ०.९८२८८९. त्याचा व्यस्त १.०१७४१. एकाच फेरीत पाच आकडे जुळले. पुस्तकात याला एलिप्टिक इंटिग्रल म्हणून घाबरवून ठेवलेलं असतं.

अवखळ:
मी फक्त '९.८१ आला' एवढंच वाचलं. पेढे कधी?

ओळंबा:
पेढे थांबवा. @स्पर्शज्या, गणित बरोबर, पण २० दोलनांत आयाम (झोका मध्यापासून किती दूर जातो ते) ३० वर टिकत नाही. शेवटी २४ पर्यंत उतरला असेल तर सरासरी २७ धरावी लागेल. मग गुणक १.०१४ आणि ग = ९.७५. कोन कुठला धरायचा यावर उत्तर ९.७५ ते ९.८१ मध्ये हेलकावे खाणार असेल तर ९.८१ आल्याचा आनंद फुकटचा आहे. दुरुस्ती लावत बसण्यापेक्षा कोनच लहान घ्या. मीटरभर दोऱ्याला बाजूला १० सेंमी ओढलं की कोन ०.१ रेडियन, दोलनकालातली चूक ०.०६ टक्के. ती विसरली तरी चालते.

चहाटळ:
हाच प्रश्न एका चॅटबॉटला विचारला. तो म्हणतो हवेच्या घर्षणामुळे लंबक मंदावतो म्हणून ट वाढला. कुणाचं खरं मानायचं?

ओळंबा:
घर्षणाने आयाम कमी होतो. दोलनकालावर त्याचा परिणाम नगण्य असतो. आकडाच काढू. समजा ५० दोलनांत आयाम निम्मा झाला. दर दोलनाची घट ०.६९३ ÷ ५० = ०.०१३९. दोलनकालातली वाढ याच्या वर्गाला ८ पाय² ने, म्हणजे ७९ ने भागून मिळते: दहा लाखांत अडीच भाग. आपण शोधत होतो शंभरात तीन. उत्तर चुकलं की हवेवर ढकलणं ही प्रयोगवहीतली जुनीच पळवाट, यंत्रानेही तीच उचलली.

खवट_पंतोजी:
सगळे गोळ्याला बिंदू समजून चालले आहेत. कुलूप हा बिंदू नव्हे. ७ बाय ४ ची सपाट पट्टी धरली तर स्वतःच्या मध्याभोवतीचं तिचं जडत्व (फिरायला होणारा विरोध) दर किलोमागे (०.०७² + ०.०४²) ÷ १२ = ०.०००५४. याला लांबीच्या वर्गाने भागा. ८३.५ सेंमीला ट² मध्ये ०.०८ टक्के वाढ होते, सोडून द्या. पण दोरा ४० सेंमी केलात तर हीच वाढ ०.२९ टक्के होते, आणि २० सेंमीला १ टक्का. 'लहान दोरा घेतला की सोपं जातं' असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. ४० सेंमीच्या खाली जाऊ नये.

शुद्धगणित:
धागा लंबकावर लोंबकळलाय, मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. गणित आधी, असंच माझं मत आहे. डिफरन्शिएशन न येणाऱ्याला वर स्पर्शज्यांनी दिलेला कोन²/१६ हा मंत्रच वाटणार. कुठून आला विचारलं तर उत्तर नाही. मंत्र पाठ करायचे तर क्लास लावलेला काय वाईट? आधी त्रिकोणमिती, मग फलन, सीमा, विकलन (डिफरन्शिएशन), संकलन (इंटिग्रेशन), टेलर श्रेणी. चार-सहा महिने जातील. नंतर लंबकाचं समीकरण दोन ओळींत सुटतं.

स्पर्शज्या:
सहमत नाही. चार-सहा महिन्यांच्या त्या वाळवंटात बहुतेकांचा उंट दुसऱ्याच आठवड्यात बसतो. आणि विकलन न येताही या प्रयोगात बरंच काही करता येतं.

उदाहरणार्थ मितींचं गणित. दोलनकाल कशावर अवलंबून असेल? लांबी (मीटर), ग (मीटर भागिले सेकंद वर्ग), वस्तुमान (किलो). यातून सेकंद तयार करायचे तर ल ला ग ने भागून वर्गमूळ घ्यावं लागतं, दुसरा मार्ग नाही. किलो छाटायला दुसरा किलो कुठेच नाही, म्हणून वस्तुमान सूत्रात येऊच शकत नाही. कुलूप पितळी असो की लोखंडी, काही फरक नाही. इथपर्यंत सातवी-आठवीचं बीजगणित पुरतं.

ही पद्धत जिथे थांबते ते जास्त शिकण्यासारखं आहे. २ पाय हा आकडा तिच्यातून निघत नाही, आणि कोनाला मिती नसल्यामुळे कोनाबद्दल ती अवाक्षर काढत नाही. उंबरठा यांचे साडेतीन टक्के नेमके तिथेच लपले होते. इथे आल्यावर 'साइनच्या जागी कोन का चालतो' हा प्रश्न आपणहून पडतो, आणि तेव्हा टेलर श्रेणी शिकायला घेतली तर ती मंत्र वाटत नाही.

शुद्धगणित:
उंटाचं मान्य. पण मितींनी जुळतं म्हणून खरं मानायची सवय लागते, ती वाईट.

गच्चीवरची_दुर्बीण:
थोडं अवांतर. ९.८१ वर अडून बसू नका, तो युरोपच्या अक्षांशांवरचा आकडा आहे. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली आणि फिरती, त्यामुळे आपल्याकडे ग कमी. समुद्रसपाटीला १९ अंश अक्षांशावर, म्हणजे मुंबईत, साधारण ९.७८६. पुणे साडेपाचशे मीटर उंच असल्यामुळे ९.७८४. हा फरक दोऱ्या-कुलपाने दिसणार नाही, पण ९.८१ आणि ९.७८६ मधला फरक नीट मोजणाऱ्याच्या आवाक्याच्या काठावर आहे.

हे कळलंही लंबकामुळेच. १६७२ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जाँ रिशे पॅरिसहून दक्षिण अमेरिकेत कायेनला गेला. पॅरिसमध्ये बरोबर चालणारं त्याचं लंबकाचं घड्याळ तिथे रोज सुमारे अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. लंबक आखूड करावा लागला. आपल्याकडे सर्व्हे ऑफ इंडियाने १८६५ पासून देशभर लंबक हलवून ग मोजला. ते काम करणारा कॅप्टन बसेवी १८७१ मध्ये लडाखच्या पठारावर, त्याच मोहिमेवर असताना वारला.

नाना_गॅलरीवाले:
पॉपकॉर्न आणायला गेलो तेवढ्यात लडाखला पोचलात?

ओळंबा:
परत खिळ्याशी या. @उंबरठा, नव्याने करणार असाल तर असं करा.

गाठ मारून खिळ्याला लटकवू नका. हेलकाव्यात दोरा खिळ्याच्या गोलाईवर गुंडाळतो-उलगडतो आणि लांबी बदलत राहते. दोन लाकडी फूटपट्ट्यांच्या मध्ये दोरा धरून त्या दोन्ही टोकांना रबरबँडने आवळा, कपाटाच्या माथ्यावरून थोड्या पुढे काढून ठेवा, मागे जाड पुस्तकांचं वजन. दोरा पट्ट्यांच्या खालच्या कडेला जिथून बाहेर येतो तिथेच टेकू. लांबी बदलायची तर रबरबँड सैल करून दोरा ओढायचा, कुलपाची गाठ सोडायची नाही. लांबी मोजायची ती कुलूप लटकत असतानाच, कारण शिवणाचा दोरा ताणतो.

हाताने सोडलं की धक्का लागून कुलूप लंबगोल फिरायला लागतं. ते दुसऱ्या दोऱ्याने बाजूला बांधून ठेवा, पूर्ण स्थिर होऊ द्या, मग तो दोरा उदबत्तीने जाळा. पंखा बंद, खिडकी बंद.

घड्याळ टोकाला सुरू करू नका. टोकाला कुलूप थांबल्यासारखं होतं. मीटरभर दोरा आणि १० सेंमी आयाम असेल तर शेवटच्या मिलिमीटरात ते ०.०९ सेकंद घालवतं. मधून जाताना तोच मिलिमीटर ०.००३ सेकंदात पार होतो. म्हणून बरोबर खाली जमिनीवर खडूची रेघ मारा आणि कुलूप ती एकाच दिशेने ओलांडताना मोजा. 'तीन, दोन, एक, शून्य' असं उलटं मोजत ताल धरला की बोट वेळेवर पडतं, आणि मोजपट्टींची १९ ची भीतीही जाते.

आता मुख्य गोष्ट. गुरुत्वमध्य ३.५ सेंमीवर आहे हा आपला अंदाज आहे. कडी पोकळ, खालचा भाग भरीव, तेव्हा मध्य खाली सरकलेला असणार. त्याचा अंदाजच लागू नये अशी सोय आहे. ल म्हणजे कडीपर्यंतचा दोरा, म म्हणजे कडीपासून मध्यापर्यंतचं न मोजलेलं अंतर. मग ट² = (४ पाय² ÷ ग) × (ल + म). पाच वेगवेगळ्या ल घ्या, ४० पासून १२० सेंमीपर्यंत. आडव्या अक्षावर ल, उभ्यावर ट². सरळ रेषा येईल. तिचा चढ ४ पाय² ÷ ग, त्यात म कुठेच नाही. रेषा मागे वाढवली की ती आडवा अक्ष शून्याच्या डावीकडे जिथे कापेल ते म. कुलूप न तोडता त्याचा गुरुत्वमध्य.

मोजपट्टी:
ही आलेखाची युक्ती वाचून १९-२० ची लाज गेली. वाचनखूण साठवली.

क्षणभंगुर:
एवढा खटाटोप कशाला? फायफॉक्स नावाचं फुकट ॲप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं. फोनच दोऱ्याला टांगा, जायरोस्कोपवरून दोलनकाल तेच सांगतं.

खवट_पंतोजी:
फोन १५-१६ सेंमी लांब. जडत्वाचं वर दिलेलं गणित त्याला लावून बघा. शिवाय दोरा तुटला तर ग ची किंमत फोनच्या किमतीएवढी.

उंबरठा:
सगळ्यांचे आभार. ओळंबा यांच्या पद्धतीने केलं, आयाम १० सेंमीच्या आत ठेवून. २० दोलनांची वेळ, प्रत्येक लांबीला तीनदा मोजून सरासरी:
४० सेंमी: २६.५ सेकंद
६० सेंमी: ३२.१
८० सेंमी: ३६.७
१०० सेंमी: ४०.९
१२० सेंमी: ४४.६
ट² अनुक्रमे १.७५६, २.५७६, ३.३६७, ४.१८२, ४.९७३. आलेखाच्या कागदावर पट्टीने रेषा मारली तर चढ ४.०२ दिसतो. पण पट्टी जराशी फिरवली की ४.०५ ही होतो. खरी रेषा कुठली?

स्पर्शज्या:
यासाठी लघुतम वर्ग पद्धत: बिंदू रेषेपासून जेवढे वरखाली, त्या फरकांच्या वर्गांची बेरीज सगळ्यात कमी येईल ती रेषा. तुमच्या लांब्या समान अंतरावर आहेत म्हणून हाताने होते. मधल्या ८० सेंमीपासूनची अंतरं मीटरमध्ये: −०.४, −०.२, ०, ०.२, ०.४. प्रत्येकाला आपापल्या ट² ने गुणून बेरीज: १.६०८. अंतरांच्या वर्गांची बेरीज: ०.४. भागाकार ४.०२. ग = ३९.४८ ÷ ४.०२ = ९.८२. ट² ची सरासरी ३.३७१, तिला चढाने भागून ०.८ वजा केले की म = ३.८ सेंमी. मध्य अंदाजापेक्षा ३ मिलिमीटर खाली निघाला, ओळंबा म्हणाले तसाच.

पट्टी किती फिरू शकते हेही निघतं. प्रत्येक बिंदू रेषेपासून किती वरखाली ते बघा: साधारण −०.००७, +०.००९, −०.००४, +०.००७, −०.००६. यांच्या वर्गांची बेरीज ०.०००२४. भागिले ३ (पाच बिंदूंतून चढ आणि रेषा अक्षाला कापते ती जागा असे दोन आकडे काढले म्हणून पाच वजा दोन), वर्गमूळ ०.००९, ते √०.४ ने भागून चढातली अनिश्चितता ०.०१४. म्हणजे ०.३५ टक्के, ग मध्ये ०.०३. उत्तर ९.८२ ± ०.०३. दुर्बीण यांचा ९.७८६ साधारण एका ± च्या अंतरावर बसतो. याहून जवळ यायचं तर २० ऐवजी ५० दोलनं घ्या, बोटाची चूक अडीचपट कमी होईल.

शुद्धगणित:
छान. आता पहिल्या प्रश्नाकडे. ट मधला एक टक्का ग मध्ये दोन टक्के होतो, हे धाग्यात निदान तीनदा वापरलं गेलं. तेच विकलन. घातांक २ खाली उतरला, बस. लघुतम वर्ग म्हणजे वर्गांची बेरीज किमान करणं, म्हणजे पुन्हा विकलन शून्य ठेवणं. म्हणून माझा क्रम एवढाच बदलतो: त्रिकोणमिती रेडियनमध्ये, मग (१ + लहान) चा कुठलाही घात ≈ १ + घात × लहान, मग विकलन. हे सगळं याच वहीतल्या आकड्यांवर. संकलन आणि टेलर नंतर. सहा महिने मागे घेतो, सहा आठवडे म्हणतो.

अवखळ:
धाग्यावर कुणीतरी मत बदललं. स्क्रीनशॉट घेऊन ठेवा रे.

उंबरठा:
अजून एक अडचण. हाच लंबक स्प्रेडशीटमध्ये चालवायचा प्रयत्न केला. ल + म = ०.८३८, म्हणून ग ÷ (ल + म) = ११.७. तीन स्तंभ: वेळ, कोन, कोनीय वेग. पायरी ०.०१ सेकंद. नवा कोन = जुना कोन + जुना वेग × ०.०१. नवा वेग = जुना वेग − ११.७ × साइन(जुना कोन) × ०.०१. कोन रेडियनमध्येच आहे, ते तपासलं. ५ अंशांवरून सोडला, तर २० दोलनांनंतर चाळीसच्या आसपास जातोय. ३० वरून सोडला तर वरून गरगर फिरतो. ऊर्जा येते कुठून?

ओळंबा:
ऊर्जा पायरीतून येते. ही ऑयलरची साधी पद्धत. कोन आणि वेग यांचा आलेख काढला तर तो बंद वर्तुळासारखा फिरायला हवा, पण प्रत्येक पायरी स्पर्शिकेच्या दिशेने पडते आणि त्या वर्तुळाच्या किंचित बाहेर जाते. लहान कोनाला दर पायरीत आयाम √(१ + ११.७ × ०.०१²) म्हणजे १.०००५८५ पट होतो. किरकोळ वाटतं, पण २० दोलनं म्हणजे ३६७० पायऱ्या, आणि तेवढ्यांदा गुणल्यावर साडेआठ पट. पाचाचे त्रेचाळीस. पायरी ०.००५ करून बघा, पायऱ्या दुप्पट होऊनही वाढ फक्त २.९ पट राहील. पायरी बदलली की उत्तर बदलत असेल तर दोष पद्धतीचा.

उपाय स्प्रेडशीटच्या एका सेलचा आहे. आधी नवा वेग काढा, आणि कोन पुढे नेताना जुन्याऐवजी तो नवा वेग वापरा. बाकी काही बदलू नका. आयाम आपल्या जागी राहील. मग ३० अंशांवरून सोडा, दोलनकाल मोजा, आणि लहान कोनाच्या दोलनकालाने भागा. स्पर्शज्यांचा १.०१७४ मिळतो का बघा.

उंबरठा:
१.०१७ आला! पुढचा अंक पायरी आणखी लहान करून बघतो.

नाना_गॅलरीवाले:
सगळं समजलं. कुलूप परत दाराला लावलंत का तेवढं सांगा.